पुढची गोळी सुरू करण्याआधी हाडाचा तुकडा तपासा

वाचकाचं पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझे यजमान ४१ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी उसाच्या हंगामात ट्रॉलीखाली पाय सापडून त्यांच्या उजव्या नडगीचं हाड मोडलं. हाड बाहेर आलं होतं, जखमेत माती गेली होती. ऑपरेशन करून रॉड टाकला. दोन महिन्यांनी टाक्यांच्या जागेतून पाणी यायला लागलं, तेव्हापासून तिथे एक बारीक छिद्र आहे. ते महिना-दोन महिने वाहतं, मग सुकतं. आम्हाला वाटतं, बरं झालं. मग पुन्हा पाय ठणकतो, ताप येतो आणि फुटतं. पट्टीवर हिरवट डाग पडतो. दर वेळी दहा दिवसांच्या गोळ्या मिळतात, बहुतेक वेळा सिप्रोफ्लॉक्सासिन. पुवाच्या पहिल्या रिपोर्टात स्यूडोमोनास आला, दुसऱ्यात स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. हा कातडीवरचा साधा जंतू आहे, लक्ष देऊ नका, असं सांगितलं गेलं. मग साधे जंतू तीन वर्षं जात का नाहीत? एक डॉक्टर पाय काढा म्हणतात, दुसरे म्हणतात अजून एक कोर्स करून बघू. सहा आठवडे सलाईन लावायची वेळ आली तर घर आणि जनावरं कोण बघणार? सासूबाई म्हणतात, डाळ, वांगी, अंडी यांनी पू वाढतो, ते बंद कर. मुलांना हे लागेल का? ड्रेसिंग मीच करते. गोळ्या न चुकता दुधाबरोबर देते, सोबत कॅल्शियमही चालू आहे. तंबाखू सोडली तर त्यांना कसलं व्यसन नाही.

उत्तर

ताई, नमस्कार.

पाय काढायचा की नाही, हा प्रश्न आज बाजूला ठेवा. तो ज्या माहितीवर ठरतो ती माहितीच अजून तुमच्या हातात नाही. तीन वर्षांत छिद्रातून आलेला पू दोनदा तपासला गेला. हाड एकदाही तपासलेलं दिसत नाही. सुरुवात तिथून करायची आहे, आणि तीही पुढचा गोळ्यांचा कोर्स सुरू होण्याच्या आधी.

तुमच्या यजमानांना जे झालंय असं दिसतं त्याला क्रॉनिक ऑस्टिओमायलायटिस म्हणतात, म्हणजे हाडातला जुनाट जंतुसंसर्ग. ठणका, ताप, फुटणं, आराम आणि पुन्हा ठणका हे जे चक्र तुम्ही लिहिलंय, ते या आजाराचं नेहमीचं चक्र आहे. आत काय घडतं ते सांगतो. हाड इतक्या जोरात मोडतं तेव्हा त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही तुटतात. एखाद्या तुकड्याचं रक्त कायमचं बंद होतं आणि तो तुकडा मरतो. अँटिबायोटिक गोळीने द्या नाहीतर शिरेतून, ते रक्तावाटेच पोचतं. जिथे रक्तच जात नाही तिथे ते पोचत नाही. शरीर त्या मेलेल्या तुकड्याभोवती नवं हाड तयार करतं, तुकडा आत कोंडला जातो, आणि त्याचा पू बाहेर यायला एक वाट पडते. नडगीवरचं छिद्र म्हणजे ती वाट. ती बुजली की पू आत साठतो, पाय ठणकतो, ताप येतो. फुटली की मोकळं वाटतं. म्हणून छिद्र सुकलं की रोग बरा झाला, असं या आजारात मानता येत नाही.

नडगीलाच हे जास्त का होतं, ते स्वतःच्या पायावर हात ठेवून बघा. पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागतं, मध्ये मांस नाही. मांसातून येणारं रक्त त्या बाजूला मिळत नाही, आणि कातडी फाटली की हाड थेट मातीत.

आता तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, साधे जंतू जात का नाहीत. स्यूडोमोनास पाण्यात, ओल्या मातीत, सिंकच्या नळापाशी राहतो. पट्टीवरचा हिरवट डाग बहुधा त्याच्याच रंगद्रव्याचा असतो. पट्ट्या निळ्या-हिरव्या करणारा हा जंतू कार्ल गेसार या फ्रेंच संशोधकाने १८८२ साली वेगळा करून दाखवला होता. एपिडर्मिडिस तर तुमच्या-माझ्या कातडीवर आत्ता, या क्षणीही आहे. धडधाकट माणसाला हे दोन्ही सहसा काही करत नाहीत. यांना संधिसाधू जंतू म्हणतात. तुमच्या यजमानांच्या पायात त्यांना दोन संधी एकदम मिळाल्या आहेत, मेलेलं हाड आणि धातूचा रॉड. अशा निर्जीव पृष्ठभागावर ते चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीला धरतो तसा. त्या थराच्या आत ते आपली वाढ मंद करतात. बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवरच नीट चालतात, त्यामुळे थरातल्या जंतूला मारायला औषध कधी कधी शेकडो पट जास्त लागतं, आणि तितकं औषध माणसाला देता येत नाही.

दहा दिवसांचा कोर्स नेमकं काय करतो ते यावरून कळेल. थराबाहेर मोकळे फिरणारे जंतू तो मारतो. ताप उतरतो, पू आटतो, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. थरातले जंतू मात्र तसेच राहतात. काहींना औषधाची सवय होते, आणि पुढच्या वेळी तीच गोळी कमी चालते. स्यूडोमोनासच्या बाबतीत हे फार महागात पडतं, कारण त्याच्यावर तोंडावाटे चालणारी औषधं जवळपास एकाच कुळातली आहेत, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन. ती सुट्या-सुट्या कोर्समध्ये वाया गेली, तर जेव्हा खरी गरज पडेल तेव्हा शिरेतल्या इंजेक्शनांखेरीज काही उरत नाही. ‘अजून एक कोर्स करून बघू’ याला माझा स्पष्ट विरोध आहे तो याचसाठी.

एपिडर्मिडिसकडे लक्ष देऊ नका, हे सांगण्यामागे कारण होतं. छिद्राच्या तोंडाशी कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचे जंतू येतातच, आणि आत हाडात कोण आहे ते त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. पण पायात रॉड असताना त्याला नुसतं झटकूनही टाकता येत नाही. निवाडा हाडाच्या खोल नमुन्यांवर होतो. ऑपरेशनच्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणांहून, दर वेळी स्वच्छ हत्यार वापरून साधारण पाच नमुने घेतात. त्यांतल्या दोन किंवा जास्त नमुन्यांत तोच जंतू आला तर तो खरा धरायचा. एकाच नमुन्यात आला तर बहुधा कातडीवरचा.

इथे एक गोष्ट तुम्ही स्वतः बघायची आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ऑपरेशन झालं की नमुन्याच्या डब्या नातेवाइकांच्या हातात देतात आणि लॅबमध्ये पोचवायला सांगतात. हाडाचे नमुने दोन प्रकारच्या डब्यांत असायला हवेत. एकात उग्र वासाचं, डोळ्यांना झोंबणारं पाणी असतं, ते फॉर्मालिन. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. कल्चरच्या, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखण्यासाठीच्या, डब्यांत फॉर्मालिन एक थेंबही नको, कारण त्याने जंतू मरतात आणि रिपोर्ट ‘काही वाढलं नाही’ असा येतो. सगळ्याच डब्या फॉर्मालिनच्या दिसल्या तर तिथल्या तिथे सिस्टरना विचारा. संकोच करू नका. या एका चुकीने अख्ख्या ऑपरेशनमधली माहिती हातची जाते. कल्चरच्या डब्या घरी नेऊन दुसऱ्या दिवशी देणं नको, थेट लॅब गाठायची. आणि लॅबच्या चिठ्ठीवर ‘हाड, जुना संसर्ग, आत रॉड’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. काही जंतू फार सावकाश वाढतात, त्यांच्यासाठी कल्चर दहा ते चौदा दिवस ठेवावं लागतं.

त्याच हाडावर क्षयाची तपासणीही झाली पाहिजे, सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि क्षयाचं कल्चर. आपल्या देशात वाहत्या छिद्राच्या प्रत्येक पेशंटमध्ये हा विचार करावा लागतो. पण पुरावा नसताना अंदाजाने टीबीची औषधं सुरू करू देऊ नका. त्यांतलं रिफाम्पिसिन हे धातूवरच्या स्टॅफिलोकोकसविरुद्ध कामाचं औषध आहे, आणि चुकीच्या वेळी दिलं तर जंतू त्याला लवकर दाद देईनासे होतात.

नमुने घेण्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद असलं तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. हा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांनी घ्यायचा. ताप चढला असेल, पाय लाल होऊन सुजत असेल तर औषध थांबवून चालत नाही.

पुढच्या भेटीत ऑर्थोपेडिक सर्जनला पहिला प्रश्न हा विचारा, की मोडलेलं हाड जुळलंय का? पुढचं बरंचसं यावर आहे. एक्स-रेवर नक्की कळत नसेल तर सीटी स्कॅनवर कळतं, आणि मेलेला तुकडा कुठे अडकलाय तेही दिसतं. रक्तातला ईएसआर-सीआरपी, म्हणजे शरीरात दाह आहे का ते सांगणाऱ्या तपासण्या, नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मंद संसर्गात ते नॉर्मल असू शकतात. हाड जुळलं असेल तर रॉड काढता येतो, आणि रॉडबरोबर त्यावरचा थरही जातो. जुळलं नसेल तर हाड स्थिर राहायला आधार लागतो. मग रॉड काढून बाहेरून फ्रेम लावायची, की औषध भरलेल्या सिमेंटचा लेप दिलेला रॉड घालायचा, हे सर्जन ठरवतात.

ऑपरेशनमधलं मुख्य काम म्हणजे मेलेलं सगळं काढणं. जिवंत हाड खरवडलं की त्यातून रक्ताचे बारीक ठिपके उमटतात, मेलेल्यातून उमटत नाहीत. ते ठिपके दिसेपर्यंत सर्जन मागे सरकत जातो. इथे हात आखडता घेतला तर सगळं पुन्हा पहिल्या पानावर येतं. काढल्यावर जी पोकळी उरते तिच्यात अँटिबायोटिक मिसळलेले सिमेंटचे किंवा विरघळणारे मणी भरतात, म्हणजे रक्तातून जे औषध पोचत नव्हतं ते जागेवरच मिळतं. वर चांगली कातडी नसेल तर प्लास्टिक सर्जन पोटरीचं मांस फिरवून झाकण करतात. म्हणून शक्य असेल तर ऑर्थोपेडिक आणि प्लास्टिक सर्जन दोघेही असलेलं हॉस्पिटल निवडा. मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजात हे दोन्ही विभाग बहुधा मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यांतलं काय बसतं ते ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा.

हाडाचा मोठा भाग काढावा लागला तरी पाय आखूड राहिलाच पाहिजे असं नाही. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रील इलिझारोव्ह या सर्जनने १९५० च्या दशकात पायाभोवती रिंगा बसवून हाड वाढवायची पद्धत विकसित केली. ती आज महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी होते. चांगल्या हाडाला एका जागी काप देतात आणि नट फिरवून तो भाग दिवसाला एक मिलिमीटर सरकवतात. पाव मिलिमीटर सकाळी, पाव दुपारी, असं चार वेळा. मागे राहिलेल्या फटीत नवं हाड भरत जातं. तो नट घरचं माणूसच फिरवतं. ज्या काळजीने तुम्ही ड्रेसिंग करताय ते पाहता तुम्हाला ते अवघड जाणार नाही. पण कल्पना असू द्या, एका सेंटिमीटरमागे साधारण महिना-दीड महिना रिंगा पायावर राहतात. पाच सेंटिमीटर हाड गेलं असेल तर साधारण पाच ते साडेसात महिने. यजमानांनी मनाची तयारी करूनच होकार द्यावा.

सलाईनबद्दल तुमच्या जिवाला लागलेला घोर थोडा हलका करता येईल. पूर्वी या आजारात ऑपरेशननंतर सहा आठवडे शिरेतून औषध हाच नियम होता. ब्रिटनमध्ये २६ हॉस्पिटलांतल्या १०५४ पेशंटांवर याची पद्धतशीर तुलना झाली, अभ्यासाचं नाव ओव्हिवा, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. पहिले सहा आठवडे शिरेतून औषध घेणाऱ्यांत वर्षभरात उपचार अयशस्वी ठरल्याचं प्रमाण १४.६ टक्के होतं आणि गोळ्या घेणाऱ्यांत १३.२ टक्के. म्हणजे जंतूवर चालणारी योग्य गोळी असेल तर ती सलाईनपेक्षा कमी पडत नाही. अट एवढीच, की ती गोळी नेमक्या जंतूला लागू पडणारी हवी. म्हणूनच हाडाच्या तपासणीवर मी इतका अडून बसलोय.

आणि ती गोळी रक्तात पोचली पाहिजे. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर, दह्याबरोबर, कॅल्शियमच्या, लोहाच्या गोळीबरोबर किंवा पित्ताच्या पातळ औषधाबरोबर घेतलं तर ते पोटातच त्यांना चिकटतं आणि रक्तात बरंच कमी उतरतं. तुम्ही पोटाला त्रास होऊ नये म्हणून दूध देत होता, त्यात तुमचा दोष काही नाही. हे गोळी लिहून देतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं. पुढे कधी ही गोळी चालू झाली तर साध्या पाण्याबरोबर द्या, आणि कॅल्शियम तिच्यानंतर दोन तासांनी किंवा तिच्या सहा तास आधी. टाचेच्या मागची कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी) दुखायला लागली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. या औषधाने ती कंडरा क्वचित तुटते.

‘तंबाखू सोडली तर’ असं तुम्ही लिहिलंत. ताई, ती खरंच सोडायची आहे, आणि ऑपरेशनच्या आधी सोडायची आहे. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, आणि या आजारात सगळी भिस्त रक्तपुरवठ्यावर आहे. नडगीच्या अशाच उघड्या फ्रॅक्चरच्या पेशंटांवरचा एक अमेरिकन अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान करणाऱ्यांना हाडाचा संसर्ग होण्याची शक्यता न करणाऱ्यांच्या ३.७ पट निघाली. तो अभ्यास धूम्रपानाचा होता, पण निकोटीन चघळूनही रक्तातच जातं. हे यजमानांना वाचून दाखवा. जो माणूस तीन वर्षं हा ठणका सोसतोय त्याच्याकडून हे होईल, असा मला विश्वास वाटतो. साखर तपासलेली नसेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या. न सापडलेला मधुमेह असेल तर चांगलं ऑपरेशनही फसतं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा, की डॉक्टरांनी डाळ आणि अंडी वाढवायला सांगितलंय. पू अन्नाने होत नाही. सतत वाहणाऱ्या जखमेतून शरीरातलं प्रथिन जात असतं, आणि नवं हाड, नवं मांस त्याच्यातूनच बनायचं असतं. रोज दोन अंडी, घट्ट वरण, मटकी-हुलग्याची उसळ, शेंगदाणे, दूध (गोळीच्या वेळा सोडून) हे सगळं चालेल. वांग्याने काही बिघडत नाही.

मुलांना हे लागत नाही. त्यांनी बाबांच्या शेजारी झोपावं, मांडीवर बसावं. ड्रेसिंगच्या आधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, वापरलेली पट्टी पिशवीत बांधून टाकायची, एवढं पुरे. जखम धुवायला नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको. स्यूडोमोनास तिथेच राहतो. मेडिकलमधलं नॉर्मल सलाईन किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या. छिद्रात गॉज ठासून भरू नका, वरून हळद, तुरटी, तेल लावून ते बंद करायचा प्रयत्न करू नका. आतला तुकडा निघेपर्यंत ती वाट मोकळी राहिलेलीच बरी.

राहिला पाय काढण्याचा प्रश्न. तळपायाला संवेदना आहे का, घोट्यापाशी नाडी लागते का, यजमान पायावर भार देतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पाय वाचवायचा प्रयत्न करण्यासारखा आहे, आणि मी दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देणार नाही. पण ज्यांनी पाय काढा सांगितलं त्यांनी तुम्हाला टाकून दिलं, असंही समजू नका. काही पेशंटांना दोन-तीन वर्षांची ऑपरेशनं, रिंगा, बुडालेला रोजगार यापेक्षा गुडघ्याखाली पाय काढून चार-सहा महिन्यांत कृत्रिम पायावर शेतात उभं राहणं जास्त मानवतं. जयपूर फूट १९६८ पासून आपल्या देशात बनतोय, तो घालून माणसं अनवाणी चालतात, मांडी घालून बसतात. हा निर्णय यजमानांचा आहे. त्यांना दोन्ही वाटा नीट समजावून मिळाल्या पाहिजेत, घाई करून कुणी गळ्यात मारता कामा नये.

तपासण्यांची जुळवाजुळव होईपर्यंत काही गोष्टींवर नजर ठेवा. छिद्र बंद होऊन थंडी वाजून ताप आला, पायावरची लाली वर सरकायला लागली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. जखमेच्या कडा जाड होऊन वर आल्या, कोबीसारखं मांस दिसू लागलं, सहज रक्त येऊ लागलं, तर त्या कडेचा तुकडा तपासायला लागतो. अनेक वर्षं वाहणाऱ्या छिद्रात क्वचित कातडीचा कॅन्सर होतो. तीन वर्षांत तो होणं दुर्मीळ आहे, तरी सर्जनला ऑपरेशनच्या वेळी कडेचा एक नमुना घ्यायला सांगून ठेवा. पहिल्या अपघाताच्या वेळचे एक्स-रे, रॉडचं स्टिकर असलेला केस पेपर आणि दोन्ही कल्चर रिपोर्ट एका फाइलीत लावा. रॉड कोणत्या कंपनीचा आणि किती मापाचा हे त्या स्टिकरवर असतं, आणि तो काढायला त्याच मापाची हत्यारं लागतात.